खंडाळ्याच्या पावसात क्वार्ट्झ घड्याळ

मुंबईत बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ उचलून खंडाळ्याच्या बंगल्यात लावलं, तर ते दिवसाला पाच-सात सेकंदांनी मागे पडू लागतं. घड्याळात बिघाड झालेला नसतो. खंडाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. तिथं गुरुत्वाकर्षण मुंबईपेक्षा किंचित कमी, म्हणून लंबकाचा झोका किंचित लांबतो आणि आठवड्याभरात अर्ध्या मिनिटाहून जास्त तूट पडते. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळाला मात्र भोर घाट चढून आल्याचा पत्ताही नसतो. दादरला जुळवलेलं घड्याळ लोणावळ्याच्या फलाटावर तितकंच बरोबर असतं.

घाट या घड्याळाला गाठतो तो पाण्याच्या वाटेनं. खंडाळा-लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या पुण्यात हाच आकडा ७००च्या आसपास असतो. जूनमध्ये धुकं एकदा दारात येऊन बसलं की कपडे वाळत नाहीत, काडेपेटी सादळते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. अशा हवेत चार महिने काढणाऱ्या घड्याळाचा स्फटिक सहसा दगा देत नाही. दगा देते ती मागच्या झाकणाखालची केसासारखी बारीक रबरी रिंग, नाहीतर वेळेत न बदललेला सेल. क्वार्ट्झ घड्याळाची निगा म्हणजे मुख्यतः या दोन वस्तूंची निगा. बाकीच्या गोष्टी त्यांच्यामागून येतात.

आत काय चालतं हे एकदा समजलं की निगा पाठ करावी लागत नाही. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकेचा स्फटिक, गारगोटीच्या जातीचा. भोर घाटातला लोहमार्ग १८६३मध्ये खुला झाला. बोगद्यांसाठी जो काळा पाषाण फोडला, त्याच्या पोकळ्यांतून झिओलाइटांबरोबर असे स्फटिकही निघाले. सह्याद्रीतल्या अशा खनिजांचा मोठा संग्रह आज सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात पाहायला मिळतो. घड्याळातला स्फटिक मात्र डोंगरातून येत नाही. तो कारखान्यात, पोलादी भांड्यात, साडेतीनशे अंशांच्या आसपासच्या तापमानात आणि हवेच्या हजारपट दाबाखाली कित्येक आठवडे वाढवला जातो. नैसर्गिक स्फटिकात भेगा आणि भेसळ असते, ती वेळ मोजायला परवडत नाही.

या दगडाचा गुण १८८०मध्ये पिएर आणि जॅक क्यूरी या भावांच्या लक्षात आला. स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. उलटही घडतं, वीज दिली की स्फटिकाचा आकार सूक्ष्मसा बदलतो. योग्य लयीत वीज दिली की तो ठरावीक गतीनं थरथरत राहतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९२७मध्ये याच थरथरीवर चालणारं पहिलं घड्याळ उभं केलं. तेव्हा ते हातात घालायची सोय नव्हती, ठेवायला मोठी जागा लागे. मनगटावर यायला ४२ वर्षं गेली. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइको कंपनीनं ‘अ‍ॅस्ट्रॉन’ विक्रीला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन. त्या पैशात तेव्हा जपानात छोटी मोटार येत असे.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत दर इतके उतरले की स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातली माणसं ९० हजारांच्या आसपास होती, ती तीस हजारांवर आली. भारतात १९६०च्या दशकापासून चावीच्या घड्याळांत एचएमटीचं राज्य होतं. टाटा आणि तामिळनाडू सरकारचं टिडको महामंडळ यांनी १९८४मध्ये टायटन कंपनी काढली. तिचे प्रमुख झर्क्सिस देसाई यांनी पहिल्यापासून क्वार्ट्झवर भर दिला. १९८७मध्ये होसूरच्या कारखान्यातली ही घड्याळं दुकानांत आली आणि रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायची सवय हळूहळू सुटली.

आजच्या घड्याळातला स्फटिक जेमतेम तीन मिलिमीटर लांब असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्यासारखे त्याला दोन पाय असतात आणि तो हवा काढलेल्या छोट्या धातूच्या नळीत बंद असतो. सेकंदाला तो ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोब्बर एक उरतो. घड्याळातली चिप एवढंच काम करते, निम्मे करत जाते आणि सेकंदाला एक विजेचा ठोका बाहेर सोडते. तो ठोका तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात जातो, तिथल्या चिमुकल्या चुंबकाला अर्धा फेरा देतो आणि दातेरी चाकं सेकंदकाट्याला एक घर पुढे ढकलतात. ही मोटार फ्रान्सच्या मारियस लावे या अभियंत्यानं १९३६मध्येच कल्पिलेली होती. सेकंदकाटा सरकत न जाता उड्या मारतो, त्याचं कारण हेच.

एवढी नाजूक यंत्रणा किती बरोबर चालावी? बाजारात सर्रास मिळणाऱ्या घड्याळांत मियोटा २०३५ नावाचं जपानी मशीन असतं. त्याची हमी आहे महिन्याला २० सेकंद पुढे किंवा मागे. चावीचं साधं घड्याळ एवढा फरक एका दिवसात दाखवतं. क्वार्ट्झचा फरक पडतो तो प्रामुख्यानं तापमानामुळे. हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात नेमका चालतो. त्याहून थंडी असो की उष्मा, दोन्हीकडे तो मंदावतोच. खंडाळ्यात डिसेंबरच्या रात्री पारा बाराच्या घरात उतरतो. टेबलावर काढून ठेवलेलं घड्याळ अशा थंडीत दिवसाला अर्ध्या सेकंदानं मागे पडू शकतं. मनगटावर असलेल्या घड्याळाला अंगाची ऊब मिळते, ते या गारठ्यातही तिसाच्या आसपास राहतं आणि फरक नगण्य होतो. थोडक्यात, क्वार्ट्झ घड्याळ वापरात असलं की वेळ जास्त चांगली दाखवतं.

हा फरक घरी मोजता येतो. सेकंदकाटा बारावर आला की चावी बाहेर ओढायची, काटे पुढच्या मिनिटावर लावायचे आणि मोबाइलच्या घड्याळात ते मिनिट पडलं की चावी आत दाबायची. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरही ही वेळ दिसते. आकाशवाणीच्या बातम्यांवर घड्याळ लावायची सवय असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. मोबाइलच्या अ‍ॅपवर ऐकू येणारी आकाशवाणी काही सेकंद उशिरा पोचते, खऱ्या रेडिओवरची तशी उशिरा पोचत नाही. महिन्यानं पुन्हा ताडून पाहिलं आणि फरक वीस सेकंदांच्या आत असला, तर घड्याळ ठणठणीत आहे. फरक मिनिटांत असला, तर सेल तरी संपत आलेला असतो, नाहीतर जवळपास कुठं चुंबक असतो.

आता पाऊस. घड्याळाच्या मागच्या झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट’ असं कोरलेलं असतं आणि त्यापुढं ३० मीटर, ५० मीटर असा आकडा. तो वाचून भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला वाटतं, इथं तर पाणी गुडघाभर आहे, घड्याळ तीस मीटर सोसतंय. या आकड्याचा अर्थ तसा नाही. तीस मीटर खोल पाण्याचा जो स्थिर दाब असतो, तो नव्या घड्याळानं प्रयोगशाळेत, न हलता सोसला, एवढंच तो सांगतो. वाहत्या पाण्यात हात आपटला की क्षणभर त्याहून मोठा दाब पडू शकतो. धबधब्याच्या धारेखाली मनगट धरलं की तेच.

व्यवहारात हिशेब असा धरावा. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी आणि छत्रीतून निसटलेली सर. ५० मीटर असेल तर रेनकोटाशिवाय भिजायला आणि थोडं पोहायला हरकत नाही. पोहण्याची सवय असेल, मुलांबरोबर तासन्‌तास तलावात राहायचं असेल, तर १०० मीटरचं घ्यावं. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी वेगळं, कडक मानक असतं. आकडाच नसेल, तर ते घड्याळ पावसात खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत बरं. आणि कुठलंही घड्याळ गरम पाण्याच्या आंघोळीला किंवा हॉटेलच्या वाफेच्या खोलीत नेऊ नये. उष्णतेनं धातू, काच आणि रबर वेगवेगळे फुगतात, साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सहज फटीत शिरतं. पोहण्याच्या तलावातून आल्यावर क्लोरीन धुऊन काढायला नळाच्या साध्या पाण्याखाली घड्याळ धरावं, पण आधी चावी पूर्ण आत आहे ना, हे बोटानं चाचपून.

चावी हा सगळ्यात दुबळा दरवाजा आहे. बटणांची घड्याळं असतील तर प्रत्येक बटण हा आणखी एक दरवाजा. ओल्या हातानं चावी ओढली किंवा पाण्यात बटण दाबलं, की झाकणावरचा आकडा कितीही मोठा असो, पाणी आत जायला वाट मिळते.

खंडाळ्यात दर पावसाळ्यात ऐकू येणारी एक तक्रार मात्र वेगळी असते. घड्याळ पाण्यात बुडालं नाही, कुठं आपटलं नाही, परवाच सेल बदलून आणलं, तरी काचेच्या आत धुकं धरतं आणि थोड्या वेळानं जातं. बहुतेकजण म्हणतात, दुकानदारानं झाकण नीट लावलं नाही. तसंही असू शकतं. पण झाकण उत्तम लागलेलं असतानाही हे घडू शकतं, कारण झाकण लावताना आत जी हवा कोंडली गेली तीच ओली होती.

हिशेब सोपा आहे. जुलैच्या दुपारी हवा पंचवीस अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर ती हवा जेमतेम तेवीस अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातलं बाष्प दवासारखं बसू लागतं. घड्याळ अंगावर ऊबदार असतं, तोवर काही दिसत नाही. तो हात वाहत्या पाण्यात घातला की काच वीस-एकवीस अंशांवर येते आणि आतून धुरकट होते, थंड सरबताचा पेला बाहेरून होतो तशी. तेच झाकण जानेवारीच्या दुपारी, सत्तावीस अंश आणि ३५ टक्के आर्द्रतेत लावलं असतं, तर आतल्या हवेचं दव पडायला काच दहा अंशांपर्यंत उतरावी लागली असती. म्हणून घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी सेल बदलायचं काम जानेवारी ते मार्चमध्ये उरकावं. सेल आणखी काही महिने चालेल असं वाटत असलं, तरी तो जुलैत संपणार असेल तर आधीच बदललेला स्वस्त पडतो.

आत खरंच पाणी शिरलंय की नुसती दमट हवा आहे, हे ओळखायची कारागिरांची एक परीक्षा आहे. घड्याळ चाळीसेक अंशांपर्यंत कोमट करतात, काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवतात, मग पुसून भिंगातून बघतात. थेंबाखाली आतून धुकं उमटलं तर आत ओल आहे. घरी घड्याळ तापवायच्या भानगडीत पडू नये. मनगटावरून काढलेल्या घड्याळाच्या काचेवर फ्रिजमधल्या पाण्याचा थेंब ठेवून अंदाज येतो.

धुकं दोन दिवसांत गेलं नाही, किंवा डायलवर थेंब दिसले, तर मात्र वाट बघू नये. पाणी आणि वीज एकत्र आली की सेलचा सूक्ष्म प्रवाहच तांब्याच्या पट्ट्या खाऊ लागतो, हिरवट गंज धरतो. त्याच दिवशी घड्याळ उघडून सेल काढून घेणं हा पहिला उपचार. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरी केला जातो. बंद झाकणातली ओल तांदूळ शोषू शकत नाही, उलट त्याची भुकटी चावीच्या फटीत जाऊन बसते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही मारू नये, ती पाणी आणखी आत पसरवते आणि तेल पातळ करते.

सेल बदलणं बाहेरून पाच मिनिटांचं काम दिसतं. लोणावळ्याच्या बाजारातली चिक्की घेता घेता ते करून घेणारे बरेच. कारागिराच्या टेबलाशी दोन मिनिटं उभं राहून बघावं असं ते आहे. तो डोळ्याला भिंग लावतो, झाकणाच्या कडेला असलेली अर्धचंद्राकार खाच शोधतो आणि पातं घालून झाकण उचकटतो. झाकण आट्यांचं असेल तर दाते असलेली चावी लागते. आत दिसतो चांदीच्या बटणासारखा सेल, वर ३७७ किंवा एसआर६२६एसडब्ल्यू असं कोरलेलं. सुमारे सात मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर जाड. त्याच्या शेजारीच उघडं असतं ते तांब्याचं वेटोळं, केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. पेचकस तिथं एकदा घसरला की तार तुटते आणि मशीन संपतं. चांगला कारागीर सेल बोटानं उचलत नाही, प्लास्टिकच्या चिमट्यानं धरतो. धातूच्या चिमट्यानं दोन टोकं जोडली गेली तर नव्या सेलची शक्ती तिथंच वाया जाते. बोटाचा घाम सेलवर राहिला तर पुढं डाग धरतो.

इथं गिऱ्हाइकानं दोन प्रश्न विचारावेत. पहिला, सेल कुठला? एसआरने सुरू होणारा सेल सिल्व्हर ऑक्साइडचा, दीड व्होल्टच्या थोडं वर आणि शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा दाब देणारा. एलआर किंवा एजी लिहिलेला त्याच आकाराचा सेल अल्कलाइनचा. तो स्वस्त असतो, पण दाब हळूहळू उतरत जातो आणि संपल्यावर गळायची शक्यता जास्त. घड्याळात एसआरच घालावा. एका चांगल्या ३७७ सेलमध्ये सुमारे २८ मिलिअँपिअर-तास वीज साठवलेली असते आणि तीन काट्यांचं घड्याळ अँपिअरचा दहा लाखावा भाग खातं. भागाकार केला की तीन वर्षं येतात. नव्या घड्याळाचा पहिला सेल मात्र कारखान्यातून निघाल्यापासून चालूच असतो, त्यामुळे तो वर्षभरात संपला तर घड्याळाला नावं ठेवू नयेत.

दुसरा प्रश्न, रिंग पाहिली का? झाकणाखालच्या खोबणीतली ही रबरी रिंग लवचीक असावी. चपटी झाली असेल, कडक पडली असेल, तर ती बदलावी. ठीक असेल तर तिला सिलिकॉनचं ग्रीस लावून परत बसवावी. सेलबरोबरच दोन-तीन वर्षांनी रिंग बदलली की पावसाळ्याची निम्मी चिंता मिटते. छोट्या टपरीवर दाबाची चाचणी करायचं यंत्र नसतं. पोहायला वापरायचं घड्याळ असेल तर ते कंपनीच्या सेवा केंद्रातच उघडावं आणि सीलची चाचणी करून मागावी. डिजिटल घड्याळांत आणखी एक खुबी असते. नवा सेल घातल्यावर एसी असं लिहिलेला बिंदू सेलशी क्षणभर जोडावा लागतो, नाहीतर आकडे वेडेवाकडे दिसतात. ‘सेल घातला तरी चालत नाही’ म्हणून फेकायला काढलेली काही घड्याळं एवढ्यानं जिवंत होतात.

सेल संपत आल्याची सूचना पुष्कळ घड्याळं स्वतःच देतात. सेकंदकाटा दर सेकंदाला उडी मारायचं सोडून दोन सेकंदांनी एकदम दोन घरं जातो. वेळ अजून बरोबर असते, पण दिवस थोडे उरलेले असतात. संपलेला सेल आत ठेवला की तो फुगतो, गळतो आणि मशीन खराब करतो. काढलेला सेल घरात इकडेतिकडे टाकू नये. लहान मूल तो गिळू शकतं आणि अन्ननलिकेत अडकलेला सेल काही तासांत आतून जखम करतो, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावं. कचऱ्याच्या डब्यातही त्याची जागा नाही. देशात २०२२पासून बॅटरीच्या कचऱ्याचे वेगळे नियम लागू आहेत, जुने सेल गोळा करणाऱ्या दुकानातच ते द्यावेत.

रोजच्या वापरातली काळजी एवढी नाजूक नाही, पण एका ठिकाणी चूक हमखास होते. तारखेचं चाक रात्री साडेनऊ-दहापासून फिरायला लागतं आणि पहाटेपर्यंत दातांत अडकलेलं असतं. या वेळात चावीच्या पहिल्या खिटीवर तारीख पुढे ढकलली तर दात तुटू शकतो. रात्री ९ ते पहाटे ५ ही वेळ टाळावी. बंद पडलेल्या घड्याळात सहा वाजलेत ते सकाळचे की संध्याकाळचे हे कळत नसेल, तर काटे पुढं फिरवून तारीख कधी बदलते ते बघावं, काटे पहाटे पाचच्या पुढं न्यावेत, आदल्या दिवसाची तारीख लावावी आणि मग काटे फिरवत आजच्या दिवसावर यावं. साध्या घड्याळाला महिने कळत नाहीत. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपले की तारीख हातानं पुढं न्यावी लागते, म्हणजे वर्षातून पाचदा.

चुंबक हा न दिसणारा शत्रू. पर्सचं चुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर, मोबाइलचा स्पीकर, गणपतीत मांडलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांची भिंत, यांच्या अगदी जवळ घड्याळ ठेवलं की त्यातली मोटार अडखळते. दूर नेलं की बहुधा पुन्हा पूर्ववत चालू लागते. फक्त मधल्या वेळेत हुकलेली मिनिटं परत लावावी लागतात. चावीच्या घड्याळाची कमान चुंबकानं भारली की कारागिराकडून ते चुंबकत्व काढेपर्यंत वेळ चुकत राहते, तसं इथं सहसा होत नाही. वितभर अंतर पुरेसं असतं.

रसायनांपैकी पावसाळ्यात हमखास भेटतं ते डास पळवणारं मलम. काही मलमांतलं डीट हे द्रव्य प्लास्टिकची काच आणि काही पट्टे विरघळवून खरबरीत करतं. मलम लावून हात कोरडा झाल्यावर घड्याळ घालावं, अत्तराचंही तेच. चामड्याचा पट्टा जूनमध्ये काढून कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीशेजारी ठेवावा आणि नायलॉन, रबर किंवा पोलादाचा लावावा. पोलादी पट्ट्याच्या कड्यांत घाम आणि मळ साचतो, तो जुन्या मऊ दातघासणीनं साबणाच्या पाण्यात निघतो. त्यासाठी पट्टा शक्य तर घड्याळापासून सोडवून घ्यावा. द्रुतगती मार्गावर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेमागं घड्याळ विसरू नये. तिथलं तापमान बहुतेक मशीनची साठ अंशांची मर्यादा सहज गाठतं.

डोंगरात हे घड्याळ आणखी एका कामाला येतं. तासकाटा सूर्याकडे रोखायचा, तो आणि बारा यांच्यामधल्या कोनाचा मध्य म्हणजे दक्षिण, ही युक्ती गिर्यारोहणाच्या पुस्तकांत असते. नागफणीच्या किंवा राजमाचीच्या वाटेवर ती जशीच्या तशी वापरली तर फसगत होते, आणि त्याला दोन कारणं आहेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, खंडाळा त्याच्या नऊ अंश पश्चिमेला. त्यामुळे इथं सूर्य माथ्याच्या रेषेत येतो तो सरासरी १२ वाजून ३६ मिनिटांनी. दुसरं असं की मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य खंडाळ्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा ही युक्ती उलटी दिशा दाखवते. डिसेंबर-जानेवारीत, बारांऐवजी साडेबारा धरून, ढोबळ अंदाजापुरती ती ठीक आहे. शिवाय डोंगरात आपटणं-घासणं व्हायचंच. धक्का सोसणाऱ्या घड्याळाचं मानक मीटरभर उंचीवरून लाकडावर पडण्याचं आहे. घाटातल्या काळ्या कातळाचं त्यात काही नाही. साध्या काचेला वाटेवरची धूळही ओरखडते, कारण त्या धुळीत काचेहून कठीण वाळूचे कण असतात. घड्याळ कोरड्या फडक्यानं घासण्याआधी फुंकर मारून किंवा पाण्यानं कण काढावेत.

खंडाळ्यात आणखी एका प्रकारची घड्याळं पुष्कळ आहेत, बंद बंगल्यांतली. मालक मुंबईत, बंगला दिवाळी आणि मे महिन्यापुरता उघडणारा. बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये, असं जुनी माणसं सांगतात. श्रद्धा बाजूला ठेवली तरी या घड्याळांच्या बाबतीत सल्ला चोख आहे. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल ओल्या हवेत गळून स्प्रिंगा खातो, खणात ठेवलेल्या मनगटी घड्याळाचंही तेच होतं. बंगल्याला कुलूप लावण्याआधी भिंतीवरचे सेल काढून ठेवावेत. मनगटी घड्याळ दोन-तीन महिने वापरायचं नसेल तर चावी ओढून ठेवली की मोटार थांबते आणि खर्च बराच कमी होतो. वर्षभर वापरायचं नसेल तर सेल काढावा. उजेडावर चालणारी सोलर घड्याळं खणात ठेवू नयेत, खिडकीजवळ ठेवावीत. पण थेट काचेमागच्या कडक उन्हात नकोत.

आणि इतकं करूनही मशीन गेलंच तर? क्वार्ट्झचं मशीन बहुधा दुरुस्त करत नाहीत, अख्खं बदलतात. मियोटा २०३५सारखी मशीनं बाजारात सहज मिळतात आणि पुष्कळ घड्याळांना तीच बसतात. डायल, काटे आणि डबी जुनी राहते, आतलं नवं होतं. वडिलांना सेवानिवृत्तीच्या दिवशी कचेरीनं दिलेलं, मागच्या झाकणावर नाव आणि तारीख कोरलेलं घड्याळ असं पुन्हा चालू करता येतं. दुरुस्तीला देताना त्या झाकणाचा आणि डायलचा फोटो काढून ठेवावा. मशीन बदलायचं तर काट्यांची भोकं आणि तारखेची खिडकी जुळते का, हे कारागिराला आधी विचारावं आणि जुनं झाकणच परत बसवायला सांगावं. काम शक्यतो फेब्रुवारीत द्यावं.